वॉटर स्कूटरच्या रंगकामात माझे २८ हजार गेले, तुमचे जाऊ नयेत

मावसभावानं आणि मी मिळून मालवणकडून एक जुनी वॉटर स्कूटर घेतली. इंजिन उत्तम, बॉडी फायबरची. फक्त खारं पाणी आणि ऊन खाऊन तळ पांढुरका पडला होता. हात फिरवला की खडूसारखी भुकटी बोटांना लागायची. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, चांगदेवच्या बाजूनं पाण्यात उतरवायच्या आधी तळ रंगवून घ्यायचं ठरलं.

आपल्याकडे बोटी रंगवणारा कोण सापडणार? डेंटिंग-पेंटिंगच्या एका गॅरेजवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं, "भाऊ, फायबर म्हणजे फायबर. बंपर रंगवतो तसंच आहे, टेन्शन घेऊ नका." मी थोडी माहिती काढली होती, म्हणून इपॉक्सी प्रायमरचा दोन डब्यांचा सेट, बेस आणि हार्डनर, मुंबईहून स्वतः मागवला आणि डब्यांवर मार्करनं आमचं आडनाव टाकून त्याच्या हवाली केला. वरचा रंग टू-के पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून पक्का होणारा, मारायचा, असं तोंडी ठरलं. मजुरी आणि रंग धरून २८ हजार आगाऊ दिले. तिथेच चुकलं.

एप्रिलच्या शेवटी काम झालं. पारा ४३ च्या वर, आणि हा पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी स्प्रे गन चालवत होता. एवढ्या उन्हात थिनर हवेतच उडतो, रंग पृष्ठभागावर पसरायच्या आत सुकतो आणि नीट धरत नाही. पण दिसायला गाडी अशी झगमगत होती की आम्ही खूश.

चौथ्या फेरीनंतर ट्रेलरवर घेतली तेव्हा तळाला फोड दिसले. एकाला नख लावलं तर तळहाताएवढा पापुद्रा अलगद सुटून हातात आला. उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला तीच पांढरी भुकटी! त्यानं तळ घासलाच नव्हता, खडूवरच रंग फासला होता. खरवडलेल्या जागी भरलेली पुट्टी ओली होऊन नखानं निघत होती. ती मोटारींना लावतात ती साधी पॉलिएस्टर पुट्टी, पाणी पिणारी. पाण्याखालच्या भागाला इपॉक्सी फिलरच लागतं. मग फडक्यावर थिनर घेऊन एका कोपऱ्यात चोळलं, तर रंग फडक्यावर उतरला. पूर्ण पक्का झालेला टू-के असा उतरत नाही. तो साधा ड्युको होता, हार्डनरशिवाय नुसता थिनर उडून सुकणारा रंग.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "तुम्ही पाण्यात ठेवली असेल." पाण्यात चालवायच्या वस्तूबद्दल हे उत्तर! (गाडी दिवसेंदिवस पाण्यात बांधून ठेवू नये हे खरं आहे, पण आम्ही रोज बाहेर काढत होतो.) बोलताना माझी नजर मागच्या फळीवर गेली. आमच्या आडनावाचे दोन्ही डबे तिथेच होते, सील न फोडलेले. त्या क्षणी किती वाईट वाटलं, ते लिहिता येत नाही.

म्हणून कळकळीनं सांगतो, प्रत्येक टप्पा डोळ्यांनी बघा. आधी साबणानं धुऊन मेण आणि पॉलिश काढून घ्या, मगच सँडपेपर मारू द्या. उलट केलं तर मेण ओरखड्यांत घुसतं. धुतल्यावर पाणी ओता. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर मेण अजून आहे, सलग पसरलं तर स्वच्छ. २२०-३२० नंबरच्या पेपरनं सगळी चमक आणि भुकटी जाऊन तळ एकसारखा मॅट दिसला पाहिजे, कोपऱ्यांतसुद्धा. बेस आणि हार्डनर तुमच्यासमोर, डब्यावरच्या प्रमाणातच मिसळायला लावा. रंगाच्या दोन हातांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा, तेही डब्यावर दिलेलं असतं. पैसे टप्प्यानं द्या, आणि बिलावर मालाचं नाव लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'बोट कलर काम' आहे, त्यामुळे ग्राहक आयोगात जायचं तर कोणता माल ठरला होता हे दाखवायला माझ्याकडे कागद नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. डबे मात्र घेऊन आलो. गाडी आता गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उलटी ठेवली आहे, आणि ऊन चढायच्या आत रोज तासभर आम्ही दोघं तळ घासतो. अर्धा झालाय. पावसाळ्यातल्या दमट हवेत प्रायमर मारायचा नाही, दिवाळीनंतर, सकाळचं दव वाळलं की मारणार.