आठव्या हेन्रीची शेवटची साडेतीन वर्षं: ‘लेटर्स अँड पेपर्स’ काही महिने वापरल्यानंतर

सोळाव्या शतकातला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री म्हटलं की बहुतेकांची गाडी अ‍ॅन बोलीन या त्याच्या दुसऱ्या राणीपाशी येऊन थांबते. मला ओढ आहे ती त्याच्या अखेरच्या वर्षांची. कॅथरीन पार या सहाव्या राणीशी लग्न, फ्रान्सवरची स्वारी आणि आजारी राजाभोवती चाललेली दरबाऱ्यांची खेचाखेची या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एक सोडून दुसरी समजत नाही. त्या समजून घ्यायला गेले काही महिने मी एकच साधन सतत वापरते आहे. त्याचं नाव ‘लेटर्स अँड पेपर्स, फॉरिन अँड डोमेस्टिक, ऑफ द रेन ऑफ हेन्री द एट्थ’. पहिला खंड 1862 साली निघाला, ब्रूअर यांच्या संपादनाखाली. पुढे गेर्डनर आणि ब्रॉडी यांनी ते काम 21 व्या खंडापर्यंत नेलं. लंडन विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चच्या ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’वर हे खंड वाचायला मिळतात. मी मुक्काम ठोकला तो 18 ते 21 या खंडांत, म्हणजे 1543 पासून जानेवारी 1547 मधल्या राजाच्या मृत्यूपर्यंत.

आधी हे काय आहे ते सांगते, कारण अपेक्षा चुकीची असेल तर निराशा होते. ही पत्रांची जशीच्या तशी छापलेली प्रत नाही. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मध्ये अख्खं पत्र वाचायची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला हात आखडल्यासारखं वाटतं. इथे प्रत्येक कागदाला क्रमांक आहे, तारीख आहे आणि खाली संपादकाने केलेला सारांश. कधी दोन पानांचा, कधी दोन ओळींचा. पण सगळं तारखेच्या क्रमाने आहे, हेच याचं बळ आहे. लंडनचा हिशेब, फ्रान्समधल्या बुलोनच्या छावणीतली चिठ्ठी, स्पॅनिश वकिलाचा अहवाल आणि स्कॉटलंडच्या सीमेवरची तक्रार एकाच आठवड्याखाली शेजारी शेजारी येतात. चरित्रं वाचून हे कळत नाही, कारण चरित्रकार लग्नाचं प्रकरण वेगळं लिहितो आणि लढाईचं वेगळं.

सुरुवात लग्नापासून करा. खंड 18, भाग पहिला, 12 जुलै 1543 चा दस्त. जागा हॅम्प्टन कोर्ट, वरच्या मजल्यावरची राणीची खासगी प्रार्थनेची खोली. लग्न लावणारा विंचेस्टरचा बिशप स्टीफन गार्डिनर. नवरा 52 वर्षांचा. नवरी तिशीची, दोनदा विधवा झालेली. दुसरा नवरा लॉर्ड लॅटिमर जाऊन चारेक महिने झालेले. कुणाला काही हरकत असेल तर सांगा, असं बिशपने विचारलं, कुणी काही बोललं नाही, आणि राजाने हसऱ्या चेहऱ्याने शपथ घेतली, इतकं बारीक नोंदवून ठेवलं आहे. त्याखाली हजर असलेल्यांची नावं आहेत. राजाच्या मुली मेरी आणि एलिझाबेथ. भाची मार्गारेट डग्लस. हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सेमूर आणि त्याची बायको अ‍ॅन. सफकची डचेस कॅथरीन. राजाच्या खासगी महालातला विश्वासू अँथनी डेनी. नवरीची बहीण अ‍ॅन हर्बर्ट आणि मेहुणा विल्यम हर्बर्ट.

ही यादी वहीत उतरवून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. पुढच्या साडेतीन वर्षांतलं जवळजवळ सगळं राजकारण या एका खोलीतली माणसं करणार आहेत किंवा सोसणार आहेत. एकेक नाव धरून पुढचे खंड चाळत गेलं की दरबार कसा चालायचा ते डोळ्यांसमोर उलगडत जातं. मी वाचायची पद्धत हीच ठेवली आणि तिचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

मग 1544. सम्राट पाचव्या चार्ल्सशी करार करून हेन्रीने फ्रान्सवर स्वारी काढली. जुलैच्या मध्यावर तो कॅलेला उतरला आणि मागे राज्याची धुरा राणीकडे दिली. तिच्या हाताखाली मंडळ होतं: आर्चबिशप क्रॅनमर, चॅन्सेलर रायथस्ली, हर्टफर्ड, थर्लबी आणि पीटर. खंड 19 चा दुसरा भाग इथे अतिशय श्रीमंत आहे. कॅथरीन म्हटलं की आजारी नवऱ्याची शुश्रूषा करणारी बाई, हे चित्र अजूनही पुष्कळांच्या डोक्यात आहे; ते या कागदांपुढे टिकत नाही. पैसे आणि माणसं समुद्रापार धाडणं, स्कॉटलंडच्या सीमेवरून येणारी पत्रं पाहणं, ज्यांच्या घरी प्लेग आहे त्यांनी दरबारात पाऊल ठेवू नये म्हणून जाहीरनामा काढणं, हे सगळं ती करते आहे, आणि सही ‘क्वीन रीजेंट’ अशी आहे.

8 सप्टेंबरचं हेन्रीचं तिला आलेलं पत्र तर चुकवूच नका. तिने पाठवलेलं हरणाचं मांस पोचलं, म्हणून आभार. मग बुलोनला घातलेल्या वेढ्याची हकीकत: त्याच दिवशी तीन ठिकाणांहून तोफांचा मारा सुरू केला आहे, तीन सुरुंग खणले जात आहेत, आधीच्या एका सुरुंगाने मोठा बुरूज हादरवला आहे. तिच्या महालातल्या काही बायका आजारी असल्याने त्यांच्या जागी दुसऱ्या घ्याव्यात का, असं तिने विचारलं होतं, त्याचंही उत्तर त्यातच. आणि शेवटी फार कामात आहे, वेळ नाही, मुलांना आशीर्वाद सांग. रणांगण आणि घर एका कागदावर इतकं सहज उतरलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे. हे वाचताना या लग्नात खरी माया होती असंच मला वाटतं आणि मी त्यावर ठाम आहे.

पाच-सहा दिवसांत बुलोन पडलं. 18 सप्टेंबरला हेन्री गावात शिरला आणि त्याच दिवशी सम्राटाने क्रेपीला फ्रान्सशी परस्पर तह करून टाकला. इंग्लंड एकटं पडलं. इथून पुढचे कागद वाचायला जड आहेत, कारण ते बहुतेक पैशांचे आहेत. पण ते टाळू नका. 1544 च्या मोहिमेचा अंदाज अडीच लाख पौंडांचा होता, खर्च साडेपाच लाखांच्या वर गेला. मठांच्या जमिनी विकल्या, लोकांकडून ‘स्वेच्छेची’ वर्गणी काढली. रिचर्ड रीड नावाच्या लंडनच्या एका आल्डरमनने (नगरसभेच्या वरिष्ठ सभासदाने) ती द्यायला नकार दिला, तर त्याला स्वखर्चाने स्कॉटलंडच्या सीमेवर लढायला धाडलं. फेब्रुवारी 1545 मध्ये अँक्रम मूरच्या लढाईत तो स्कॉट लोकांच्या हाती सापडला. नाण्यातली चांदीही कमी होत गेली; 1546 पर्यंत ती एक तृतीयांशावर आली. नोव्हेंबर 1545 मध्ये रायथस्ली राजाच्या सचिवाला, पॅजेटला, लिहितो की पुढचे तीन महिने कसे काढायचे हेच सुचत नाही. देशाचा चॅन्सेलर असं लिहितो तेव्हा त्या बुलोनची किंमत कळते.

1545 च्या जुलैत फ्रेंच आरमार इंग्लंडच्या दारात आलं आणि 19 तारखेला ‘मेरी रोझ’ बुडालं. सम्राटाचा वकील व्हॅन डेर डेल्फ्ट त्या वेळी पोर्ट्समथलाच होता. वाचलेल्या एका फ्लेमिश माणसाकडून ऐकून तो लिहितो की वाऱ्याने जहाज कललं आणि तोफा डागून उघड्या राहिलेल्या खालच्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. सुमारे पाचशे माणसांतली पंचवीस-तीस वाचली. मला हा वकील या सगळ्या खंडांतला सर्वांत मोलाचा लेखक वाटतो. त्याचे कान उघडे आहेत आणि ऐकीव गोष्ट तो ऐकीव म्हणूनच सांगतो.

त्यानेच 27 फेब्रुवारी 1546 ला लिहिलं आहे की नवी राणी येणार अशी कुजबुज आहे, सफकच्या डचेसचं नाव घेतलं जातंय, पण राजाच्या वागण्यात राणीबाबत काही फरक दिसत नाही. ही डचेस लग्नाला हजर होती. आदल्या ऑगस्टमध्ये ती विधवा झाली होती. उन्हाळ्यात, नव्या प्रोटेस्टंट मतांसाठी पकडलेल्या अ‍ॅन अ‍ॅस्क्यूला लंडनच्या टॉवरमध्ये रायथस्ली आणि राजाच्या मंडळातला रिच यांनी स्वतःच्या हातांनी यंत्रावर ताणलं. तिच्याच निवेदनानुसार तिला राणीच्या जवळच्या ज्या बायकांबद्दल विचारलं, त्यांत सफकची डचेस आहे, हर्टफर्डची बायको आहे, डेनीची बायको आहे. वहीतली यादी इथे काढून बघा. निशाणा राणीवर होता हे कुणी सांगायची गरज उरत नाही. 16 जुलैला अ‍ॅनला स्मिथफील्डला जिवंत जाळलं. चालता येत नव्हतं म्हणून खुर्चीतून न्यावं लागलं.

आता या साधनाची मर्यादा, आणि ती मोठी आहे. नव्या धर्ममतांकडे झुकलेल्या राणीला अटक करायचा गार्डिनरचा कट, तिच्या हाती लागलेला हुकूमनामा, डॉक्टर वेंडीने दिलेला इशारा, तिने राजापुढे केलेली शरणागती आणि दुसऱ्या दिवशी बागेत शिपाई घेऊन आलेल्या रायथस्लीला राजाने घातलेल्या शिव्या, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट शोधायला तुम्ही खंड 21 उघडाल तर त्या आठवड्यांच्या कागदांत ती नाही. ती प्रोटेस्टंट इतिहासकार जॉन फॉक्सच्या ‘अ‍ॅक्ट्स अँड मॉन्युमेंट्स’मध्ये आहे, आणि तिथेही 1563 च्या पहिल्या आवृत्तीत नाही, 1570 च्या दुसरीत आली आहे. शेफील्ड विद्यापीठाने फॉक्सच्या चारही आवृत्त्या ऑनलाइन ठेवल्या आहेत, त्या शेजारी उघडून वाचाव्यात. माझं मत असं की बागेतला प्रसंग नाटकासाठी रंगवलेला आहे, पण त्यामागचा धोका खरा होता. एकटे खंड किंवा एकटा फॉक्स वाचून या मतापर्यंत येता आलं नसतं.

दुसरी अडचण सारांशांची. संपादकांना महत्त्वाचं वाटलं तेवढंच आलं आहे. स्त्रियांच्या खासगी खर्चाच्या नोंदी, नोकरांचे हिशेब अनेकदा एका ओळीत गुंडाळले आहेत. ‘St. P.’ अशी खूण दिसली तर तो कागद 1830 ते 1852 मध्ये निघालेल्या ‘स्टेट पेपर्स’च्या अकरा खंडांत पूर्ण छापलेला आहे असं समजा आणि तिकडे जा. ‘आर. ओ.’ म्हणजे रेकॉर्ड ऑफिस; ते कागद आज लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. सूचीत दिलेले आकडे पानांचे नसून बहुतेक कागदांचे क्रमांक असतात, हेही लक्षात ठेवा. शोधताना आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं टाकून पाहावीत.

फ्रान्सशी झालेला जून 1546 चा तह वाचा: 1554 पर्यंत बुलोन इंग्लंडकडे, मग वीस लाख क्राउन घेऊन परत. (प्रत्यक्षात 1550 मध्ये चार लाखांत परत गेलं.) आदल्या वर्षी आरमार घेऊन चालून आलेला फ्रेंच अ‍ॅडमिरल द’आनबो ऑगस्टमध्ये त्याच तहासाठी पाहुणा म्हणून हॅम्प्टन कोर्टला आला, त्याला सामोरा गेला तो आठ वर्षांचा राजपुत्र एडवर्ड.

खंड 21 चा दुसरा भाग मात्र शांतपणे, सलग वाचायचा. सप्टेंबर 1545 पासून राजाच्या सहीऐवजी कोरडा शिक्का वापरला जात होता. कागदावर सहीचा ठसा दाबायचा आणि मग त्या खोलगट रेषांत शाई भरायची. हे काम डेनी, गेट्स आणि क्लार्क यांच्याकडे होतं, आणि क्लार्क दर महिन्याला यादी करायचा. या याद्या वरवर पाहता रटाळ आहेत. पण कुणाला काय मिळालं, केव्हा मिळालं आणि शिक्का कुणाच्या खिशात होता, हे त्यांतूनच कळतं. 30 डिसेंबर 1546 ची तारीख असलेलं राजाचं मृत्युपत्रही शिक्क्याचंच आहे, आणि ते नोंदलं गेलं जानेवारीच्या यादीच्या पार शेवटाला. त्यात एडवर्डच्या वतीने राज्य सांभाळणाऱ्यांत हर्टफर्ड आहे, डेनी आहे, हर्बर्ट आहे. लग्न लावणारा गार्डिनर नाही. राजा फ्रान्सात असताना राज्य चालवून दाखवलेली कॅथरीनही नाही, आणि हे मला फार लागलं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या खंडापासून येऊ नये, वाटेत दमछाक होते. लग्नाचा दस्त वाचावा, तिथून थेट ऑगस्ट 1544 वर यावं आणि बुलोन पडेपर्यंत एकही नोंद न गाळता वाचावी.