उधारीच्या दुकानात मर्कंटाइल हिशेब: अकरा महिन्यांचा अनुभव

लातूर जिल्ह्यात माझे शेतीच्या पाइपचे दुकान आहे. वडिलांच्या काळापासून हिशेब रोख पद्धतीने चालत असे, म्हणजे पैसा गल्ल्यात आला की जमा आणि गेला की खर्च. आमचा माल उन्हाळ्यात उचलला जातो आणि पैसा सोयाबीन विकल्यावर येतो, त्यामुळे त्या वहीत मे महिना तोट्याचा आणि नोव्हेंबर भरभराटीचा दिसे. म्हणून 1 एप्रिल 2025 पासून मी मर्कंटाइल पद्धत स्वीकारली, म्हणजे पैसा कधीही येवो-जावो, बिल झाले की जमा किंवा खर्चाची नोंद. कंपनीला ती सक्तीचीच असते. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला आयकर कायदा दोहोंपैकी एक निवडू देतो, मात्र सरमिसळ चालत नाही आणि निवडलेली पद्धत नियमित पाळावी लागते.

पहिले काही महिने मी नाराज होतो. मे महिन्यात एका शेतकऱ्याला 50,000 रुपयांचा पीव्हीसी पाइप दिला आणि 18 टक्के जीएसटी धरून 59,000 चे बिल केले. 20 जूनपर्यंत त्या बिलाचा कर भरावा लागला, हाती मात्र एक रुपयाही आलेला नव्हता. खरेदीवरील कराची वजावट मिळाली हे खरे, पण ती रक्कमही मी घाऊक व्यापाऱ्याला आधीच मोजलेली होती. म्हणजे सगळे 9,000 माझ्याच खिशातून गेले. या पद्धतीने मला अडचणीत आणले, असे मी सीएंना तावातावाने बोललो. त्यांनी दाखवून दिले की हिशेब कसाही ठेवा, उधारीच्या मालावर जीएसटी बिलाबरोबरच लागतो. जुन्या वहीत तो भार डोळ्यांना दिसत नव्हता, इतकेच. माझा राग चुकीच्या जागी होता.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेले. तोच शेतकरी दिवाळीनंतर आडतीची पट्टी घेऊन आला, ओलाव्याच्या कपातीवर बोट ठेवून म्हणाला, "मालक, यंदा एवढंच हाय," आणि त्याने 12,000 रुपये दिले. उरलेले 47,000 मला सोडायचे नाहीत आणि त्याला बुडवायचे नाहीत. पण उद्या ही रक्कम बुडीत म्हणून वहीतून काढली, तर आयकरात वजावट मिळेल, भरलेला जीएसटी मात्र परत मिळणार नाही. माल परत आला तर क्रेडिट नोट, म्हणजे बिल आणि त्यावरचा कर कमी करणारा कागद, काढता येते. शेतात दोन फूट खाली पुरलेला पाइप परत येत नाही. लहान दुकानदारावर हा सरळ अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही पद्धत बदलणार नाही, कारण उधारीची दिवसवार यादी आता एका क्षणात समोर येते. आमची बँक कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जाची, मर्यादा मोजताना 90 दिवसांवरची उधारी धरत नाही, आणि त्यातली किती रक्कम जुनी झाली आहे हे पूर्वी मला बँकेकडूनच कळत असे. देण्यांच्या यादीचाही तसाच उपयोग झाला. लघुउद्योगात मोडणाऱ्या पाइप कारखानदाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो. यंदा एकही बिल तसे अडकले नाही.

जानेवारीपासून मी एक नियम केला आहे: बिलातला जीएसटी माल उचलतानाच रोख घ्यायचा आणि मूळ रक्कम सोयाबीनवर ठेवायची. आतापर्यंत तीन गिऱ्हाइके यावरून परत गेली, बाकीच्यांनी पैसे मोजले.