तेरेल्जच्या गोठलेल्या नदीवर डॉग स्लेजिंग: एका पशुवैद्याचा अनुभव

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला होतो आणि तेथील एका कंपनीकडून आम्ही डॉग स्लेजिंगची, म्हणजे कुत्र्यांनी ओढलेल्या बर्फावरच्या घसरगाडीची (स्लेजची), एक दिवसाची सहल घेतली. मी फलटण भागात २३ वर्षे पशुवैद्य म्हणून काम करतो, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी माझ्या मनात एकच प्रश्न होता, तो म्हणजे ही कुत्री कशी ठेवली जातात. त्याचे उत्तर समाधानकारक मिळाले, म्हणून ते आधी सांगतो. माझी तक्रार आहे ती निराळ्याच गोष्टीबद्दल.

उलानबातरहून गोर्खी-तेरेल्ज राष्ट्रीय उद्यानापर्यंतचा रस्ता साधारण ६०-७० किलोमीटरचा आणि चांगला आहे. शहरावर हिवाळ्यात कोळशाच्या धुराचा जो थर बसलेला असतो, तो मागे पडला की आकाश एकदम निवळते. सकाळी आम्ही निघालो तेव्हा तापमान उणे २८ अंश होते. मंगोलियातील हिवाळा अतिशय थंड असला तरी कोरडा असतो आणि हिम फार पडत नाही, त्यामुळे येथे स्लेज डोंगरउतारावरून न नेता गोठलेल्या नदीच्या पात्रावरून नेतात, जेथे बर्फाच्या जाड थरावर हिमाचा पातळ पापुद्रा असतो.

कुत्र्यांच्या तळावर स्लेज ओढणाऱ्या हस्की जातीची सुमारे ३० कुत्री होती. प्रत्येकाला गवत अंथरलेले स्वतंत्र लाकडी खोपटे होते. परवानगी घेऊन मी आठ-दहा कुत्री हाताने तपासली. हिवाळी केसांचा थर एवढा दाट असतो की नुसत्या नजरेला प्रत्येक कुत्रे गुबगुबीत वाटते, म्हणून केसांत बोटे घालून बरगड्या चाचपाव्या लागतात. अंगावर मांस योग्य होते. काखेत आणि छातीच्या हाडावर, जेथे हार्नेसचा पट्टा घासतो, तेथे एकाही कुत्र्याला व्रण नव्हता. एका मादीच्या पंजाच्या गादीला चीर गेली होती. तिला मलम लावून कापडी मोजा घातला होता आणि त्या दिवशी जुंपले नव्हते. जुंपण्याच्या अर्धा तास आधी सर्वांना मांस उकळलेले कोमट पाणी पाजले गेले. कडाक्याच्या थंडीत धावणाऱ्या जनावराच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि तेवढ्या थंडीत साधे पाणी भांड्यातच गोठते, म्हणून ही काळजी घेणारा माणूस आपले काम जाणतो, असे मी निःशंकपणे म्हणेन.

जुंपताना जो गलका होतो तो कानठळ्या बसवणारा असतो. कुत्री उड्या मारतात, दोर ओढतात, मान वर करून रडल्यासारखी ओरडतात. पुढे हुशार जोडी, गाडीलगत ताकदीची जोडी आणि मध्ये उरलेली दोन, अशी आमची सहा कुत्री होती. चालकाने बर्फात रोवलेला हूक उपटला आणि त्या क्षणी सगळा आवाज थांबला. त्यानंतर ऐकू येत होते ते फक्त स्लेजखालच्या पट्ट्यांचे बर्फावर घासणे आणि सहा जनावरांचा एका लयीतला श्वास. ही शांतता मी विसरणार नाही. वाटेत कुत्री धावता धावताच तोंड वाकवून हिमाचा घास घेत होती. थोड्याच वेळात त्यांच्या मिशांवर आणि पापण्यांवर पांढरे तुषार जमले. तापमान बदलले की बर्फ ताणला जातो आणि नदीच्या पोटातून कडाड असा आवाज येतो. प्रथम मी दचकलो, पण कुत्र्यांनी कानही हलवले नाहीत.

परतीच्या टप्प्यात प्रवाशाला मागे उभे राहून स्लेज चालवू देतात. पडलात तरी दांडी सोडू नका, ही सूचना गंभीरपणे घ्यावी, कारण माणूस खाली पडला म्हणून कुत्री थांबत नाहीत. एकूण धाव जवळपास सव्वा तासाची होती आणि ती पुरेशी आहे.

आता तक्रारीकडे वळतो. जाहिरातीत या सहलीचे वर्णन ‘भटक्या पशुपालकांची प्राचीन परंपरा’ असे केले होते. ते खरे नाही. मंगोल पशुपालकाचे वाहन घोडा, उंट आणि बैलगाडी. स्लेजला कुत्री जुंपण्याचा हा पर्यटनाचा प्रकार बाहेरून आलेला आहे. मंगोल माणसाचे कुत्रे म्हणजे बांखार. हे केसाळ आणि धिप्पाड कुत्रे गेरच्या, म्हणजे पशुपालकांच्या गोल तंबूच्या, आसपास राहून लांडग्यांपासून कळप राखते. अनेक बांखारांच्या डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके असतात, म्हणून त्यांना चार डोळ्यांचे कुत्रे म्हणतात. परक्याने गेरजवळ जाताना ‘नोखोई खोर’, म्हणजे कुत्रा आवरा, अशी हाक द्यायची रीत आहे. आमच्याकडे धनगरांच्या वाड्यावर जाताना मी गेली २३ वर्षे लांबूनच हीच हाक देत आलो आहे, त्यामुळे मार्गदर्शकाने ती शिकवली तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पशुपालक कुटुंबाच्या गेरमध्ये आम्हाला मिळाली ती फक्त ३५ मिनिटे. घरातील आजींनी उजव्या हाताने वाडगा पुढे केला, डावा हात कोपराला लावून. त्यात मिठाचा दुधाळ चहा, सूतेई त्साई, होता. जेवणात मटणाचे बूझ होते, मोदकासारखे चुण्या घातलेले आणि वाफवलेले, आणि ते उत्तम होते. पत्नी शाकाहारी आहे हे आम्ही आठवडाभर आधी कळवूनही कंपनीने तिच्यासाठी काहीच सांगून ठेवले नव्हते. आजींच्या ते लक्षात आले आणि त्यांनी पावावर ऊरुमचा, म्हणजे दुधाच्या दाट सायीचा, बोटभर जाड थर लावून तिच्या हातात दिला. तिने तीन वेळा मागून घेतला.

घरधन्याने मला मागचा गोठा दाखवला. शेळ्या-मेंढ्या रात्री वाळलेल्या लेंड्यांच्या जाड थरावर बसतात आणि तो थर त्यांना खालच्या गारठ्यापासून वाचवतो. एवढ्या थंडीतही तो पायाला कोरडा आणि मऊ लागत होता. मग ते झुडबद्दल, म्हणजे जनावरांचा बळी घेणाऱ्या भीषण हिवाळ्याबद्दल, सांगू लागले. हिम वितळून पुन्हा गोठले की गवतावर बर्फाचे कवच बसते, जनावराला खुराने ते फोडता येत नाही आणि पोटात काही नसल्यामुळे ते उभ्या जागी मरते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात देशभर ७० लाखांहून अधिक जनावरे अशी गेली. त्यांच्या स्वतःच्या कळपाचे काय झाले, हे ते सांगत असतानाच मार्गदर्शकाने घड्याळ दाखवून आम्हाला उठवले, कारण त्सोनजिन बोल्दोग येथील चंगीझ खानाचा पुतळा पाहायचा होता. ४० मीटर उंचीचा तो पोलादी अश्वारूढ पुतळा भव्य आहे, यात शंका नाही; परंतु तेथे आम्हाला पूर्ण तास दिला गेला. ज्या माणसाचे दुःख अर्धवट ऐकून आपण उठलो, त्याच्याकडे तो तास हवा होता, असे मला तेथे उभे असताना सारखे वाटत राहिले.

कंपनीचे बूट आणि जाड कोट चांगले होते. हातमोजे मात्र आतून ओलसर मिळाले आणि दहा मिनिटांत माझी बोटे बधिर झाली. आपले स्वतःचे लोकरी हातमोजे आत घालण्यासाठी न्यावेत. फोन छातीशी, आतल्या खिशात ठेवावा, अन्यथा थंडीने बॅटरी काही मिनिटांत बंद पडते.

परत आल्यावर मी कंपनीला हे सर्व लिहून कळवले. आदल्या दिवशी सांगितल्यास पुतळा वगळून तो वेळ गेरमध्ये देता येतो, असे त्यांचे उत्तर आले. जाहिरातीत तसा उल्लेख नाही, म्हणून जाणाऱ्यांनी स्वतःहून तसे सांगावे.