आरती, भजन आणि मैफल टिपण्यासाठी: पहिला माइक कोणता, आणि त्याला वीज कुठून?

चवथीला मातीच्या घुमट वाद्याच्या साथीने घुमट आरती, श्रावणात सप्ताहाचे भजन, पावसाळा सरला की कंपालला कला अकादमीत किंवा फोंड्याच्या कलामंदिरात मैफली. गोव्यात गाणे टिपून ठेवावेसे वाटणाऱ्याला विषयांची वाण नाही. पण मोबाइलवर टिपलेले घरी ऐकले की हिरमोड होतो. फोन आवाज आपल्या मर्जीने वर-खाली करत राहतो. समेवरची थाप दबते, आणि गायक श्वास घ्यायला थांबला की छताचा पंखा पुढे येतो. मग माइकची चौकशी सुरू होते.

ही चौकशी बहुधा कंपनीच्या नावापासून सुरू होते. माझ्या मते ती विजेपासून सुरू व्हावी. नवख्याला परवडणाऱ्या माइकांचे जे प्रकार आहेत, त्यांच्यातला मोठा फरक त्यांना किती व्होल्ट लागतात आणि ते कोण पुरवतो, हा आहे. आवाज कुठे फाटेल, किती तास टिपता येईल, पिशवी किती जड होईल, हे सगळे त्यावरच ठरते.

रेकॉर्डरचेच माइक, की जोडीला वेगळे?

सर्वात सोपी वाट म्हणजे झूम एच1एसेन्शियल किंवा टास्कॅम डीआर-05एक्स यांसारखा हातात मावणारा रेकॉर्डर. माइक त्यातच बसवलेले, वीज दोन पेन्सिल सेलची (झूमला त्यांतले बारीक, एएए). झूमचे दोन माइक एकमेकांना छेदून बसवलेले असतात आणि समोरचा आवाज जास्त घेतात. टास्कॅमचे चहूबाजूंनी सारखे ऐकतात. घरगुती बैठकीत, गायकापासून दोन-तीन हातांवर ठेवायला मिळाले, तर दोन्ही चांगले काम देतात. देवळाच्या सभामंडपात मात्र, खाली फरशी, वर पत्रे किंवा कौले आणि मध्ये माणसांची गर्दी असताना, चहूबाजूंनी ऐकणारा माइक घुमणारा आवाजच जास्त आणतो. तिथे झूम बरा.

या वाटेची अडचण जागेची आहे. माइक जिथे हवा तिथेच रेकॉर्डर ठेवावा लागतो. तो उंचावर बांधला तर पडदा दिसत नाही, बटणाला हात लावला तर खरखर टिपली जाते. तरीही महिन्यातून एखादेच भजन टिपणार असाल, तर इथेच थांबा. हा खर्च वाया जात नाही, कारण पुढच्या वाटेलाही हाच रेकॉर्डर लागतो.

ती पुढची वाट म्हणजे कॉलरला लावतात तसल्या छोट्या इलेक्ट्रेट माइकांची जोडी. ती रेकॉर्डरच्या 3.5 मिमीच्या भोकात जाते आणि तिथूनच दोन-तीन व्होल्ट घेते. याला प्लग-इन पॉवर म्हणतात. प्रिमो कंपनीची ईएम272 ही कॅप्सूल, म्हणजे माइकचा आवाज पकडणारा गाभा, या वर्गात नावाजलेली आहे. तिची स्वतःची सरसर, म्हणजे पूर्ण शांततेतही माइकमधून येणारा आवाज, केवळ 14 डेसिबल, त्यामुळे तंबोरा मिळवतानाचा बारीक झंकारही स्वच्छ येतो. जोडी टोपीच्या कडेला लावा, खांबाला चिकटवा, नाहीतर छोट्या पट्टीवर वीतभर अंतराने बसवा. कुणाच्या बघण्याच्या आड येत नाही.

आता घुमट आरतीचा विचार करा. 2019 साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळालेले घुमट, जोडीला शामेळ हे चर्मवाद्य, आणि कांसाळी म्हणजे झांजा. पाचसहा घुमटे एका खोलीत वाजू लागली की खर्जाचा दाब छातीवर जाणवतो आणि वरून कांसाळीचा तडाखा येतो. दोन-तीन व्होल्टवर चालणाऱ्या कॅप्सूलला एवढी झेप घ्यायला विजेची जागाच नसते. लाटेचे माथे छाटले जातात आणि आवाज माइकमध्येच फाटतो. रेकॉर्डरची पातळी कमी करून इथे काहीही साधत नाही, कारण बिघाड त्याच्या आधीच झालेला असतो. 32-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकदम मावणाऱ्या पद्धतीत, टिपले की आवाज फाटणारच नाही, असे दुकानात सांगतात. ते रेकॉर्डरपुरते खरे आहे. माइकमध्ये फाटलेला आवाज 32-बिटमध्येही तसाच फाटलेला राहतो.

यावर उपाय साधा आहे. 9 व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारी बॅटरी बॉक्स नावाची डबी माइक आणि रेकॉर्डरच्या मध्ये बसते. व्होल्ट वाढले की कॅप्सूलला मोकळीक मिळते आणि मोठा आवाज ती बराच जास्त पेलते. डबी लावल्यावर रेकॉर्डरची प्लग-इन पॉवर बंद ठेवायची, आणि फार मोठ्या आवाजाला रेकॉर्डरवर माइकऐवजी लाइन इनपुट (जोरदार सिग्नलसाठीचे) निवडायचे. माइक एक-दीड मिलिअँपिअरच्या आतच खातात, त्यामुळे एक अल्कलाइन सेल शेकडो तास पुरतो. याच कारणाने तो विसरलाही जातो. सेलवर बदलल्याची तारीख लिहून ठेवा.

48 व्होल्टची वाट

तिसरा पर्याय म्हणजे छोट्या डायफ्रामचे (आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पापुद्र्याचे) कंडेन्सर माइक, तीन पिनांची एक्सएलआर केबल आणि त्याच केबलमधून रेकॉर्डर देतो ती 48 व्होल्टची फँटम पॉवर. रोड कंपनीचे एनटी5 जोडीने मिळतात. एक माइक 143 डेसिबलपर्यंत आवाज पेलतो. घुमट असो की ढोल, त्याला फरक पडत नाही. त्याच कंपनीची एम5 ही जोडी स्वस्त आहे, पण तिची स्वतःची सरसर थोडी जास्त: 19 डेसिबल, एनटी5ची 16. भजनात हा फरक ऐकू येणार नाही. एकट्या सतारीच्या आलापात येऊ शकेल.

या माइकांना फँटम देणारा रेकॉर्डर लागतो: झूम एच4एसेन्शियल, एच5, किंवा फक्त दोन एक्सएलआर असलेला एफ3. एफ3ला पातळी जुळवायची कळच नाही. 32-बिट फ्लोटमुळे ती लागत नाही. ज्याला गाणे ऐकत बसायचे आहे आणि यंत्राकडे पाहायचे नाही, त्याला मी एफ3 सुचवेन.

पण इथे सेलचा हिशेब बदलतो. समजा, एक माइक 4 मिलिअँपिअर घेतो. दोघांचे मिळून 48 व्होल्टवर जवळजवळ 0.4 वॅट झाले, आणि सेलचे व्होल्ट चढवताना वाया जाते ते वेगळे. 1900 मिलिअँपिअर-तासांचे दोन रिचार्जेबल पेन्सिल सेल म्हणजे एकूण साडेचार वॅट-तास. रेकॉर्डरचे स्वतःचे खाणे धरले तर नाट्यगीतांचा लांबलेला कार्यक्रम मध्यंतरानंतर अर्ध्यावर तुटू शकतो. म्हणून तिसऱ्या वाटेच्या बजेटात बाहेरच्या विजेचे पैसे पहिल्यापासून धरा.

स्टँडचेही धरा. मंचासमोर दोन माइकांचा स्टँड उभा करायला देवस्थान समितीची किंवा आयोजकांची परवानगी लागते, आणि कलावंताची तर प्रत्येक वाटेवर लागते. त्याच्या गायनावर त्याचा हक्क कायद्यानेही मानलेला आहे. विचारले की बहुतेक कलावंत एक प्रत मागतात, ती वेळेवर पोचवावी. स्टँड मिळाला तर माइक 17 सेंटिमीटर अंतरावर, 110 अंशांत उघडे ठेवा. फ्रेंच रेडिओने रूढ केलेली ही मांडणी सभामंडपात फार नैसर्गिक वाटते: पेटी एका बाजूला, तबला दुसऱ्या बाजूला, गायक मधोमध.

सेल, पॉवर बँक की भिंतीतला प्लग?

पेन्सिल सेलांत साधे अल्कलाइन आणि रिचार्जेबल निकेल यांत मी निकेलच घेईन. एनेलूपसारखे सेल चार्ज करून ठेवले तरी महिनोन्महिने बसत नाहीत. ते 1.2 व्होल्टचे असतात, म्हणून रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार बदला. नाहीतर अर्धी वीज शिल्लक असताना तो संपल्याची खूण दाखवील.

पॉवर बँक वजनाच्या मानाने सर्वात जास्त देते. 10,000 मिलिअँपिअर-तासांची म्हणजे 37 वॅट-तास, वरच्या दोन सेलांच्या आठपट. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारख्या अखंड भजनात तासन्‌तास बसायचे तर दुसरा इलाज नाही. दोन गोष्टी घेण्याआधी पाहाव्यात. पुष्कळ पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असेल तर फोन भरून झाला असे समजून आपोआप बंद होतात, आणि छोटा रेकॉर्डर खातोच कमी. दुसरे, त्यांच्या आतल्या सर्किटची बारीक शीळ काही वेळा रेकॉर्डिंगमध्ये उतरते. हेडफोन लावून, घरातल्या शांततेत, एकदा सेलवर आणि एकदा पॉवर बँकेवर ऐकून बघा. रेकॉर्डरमध्ये भरलेले सेल असू द्या आणि केबल उपटली तर तो चालू राहतो का, हेही घरीच तपासा.

प्लगच्या विजेवर माझा भरवसा नाही. पावसात लाइट जाते, जत्रेत सगळा मांडव जनरेटरवर असतो. त्यातून साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आवाज घेतला आणि अडॅप्टरही लावला, तर अर्थिंगच्या फेऱ्यातून 50 हर्ट्झची घरघर शिरते. सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरला हा फेरा पूर्ण होत नाही. मिक्सरमधून घ्यायचेच तर एवढे ध्यानात ठेवा, की ज्या वाद्यापुढे माइक नाही ते त्यात येणारच नाही.

तर निवड अशी. मैफली आणि भजने ऐकायला जाणारा, गर्दीत बसणारा असाल तर छोटा रेकॉर्डर, इलेक्ट्रेट जोडी आणि बॅटरी बॉक्स घ्या. प्लग-इन पॉवरवर फक्त सतार, तंबोरा, एकटा आवाज असेच टिपा. गावच्या देवळाचा किंवा मंडळाचा संग्रह करायचा असेल, स्टँड ठेवायला मिळणार असेल, तर थोडे थांबून एनटी5, एफ3 आणि पॉवर बँक एकदमच घ्या. एच1 घेऊन त्यावर कंडेन्सर माइक लावू, असा मधला मार्ग धरू नका. त्या भोकातून 48 व्होल्ट येत नाहीत.

कोणतीही जोडी घेतली तरी फोमच्या टोप्या पंख्यांसाठी हव्याच. आणि आमच्या दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा. एसी सभागृहातून गार माइक घेऊन आलात आणि तसाच बाहेरच्या आरतीला लावलात तर डायफ्रामवर दंव बसते आणि चटचट ऐकू येते. डब्याचे झाकण न उघडता त्याला अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या.