लपण की बुंधा? वसंतातल्या टर्कीसाठी दोघातिघांनी कसं बसावं

वसंतात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या नराला शिकारीसाठी बोलावून घ्यायच्या दोन रीती आहेत. शेताच्या कडेला कापडी लपण उभं करायचं आणि सकाळभर त्यात खुर्च्या टाकून बसायचं, ही एक. इथे अमेरिकेत सगळे त्याला ब्लाइंड म्हणतात. दुसरी रीत अशी की झाडाच्या बुंध्याला पाठ लावून जमिनीवर बसायचं आणि नर कुठे ओरडतो त्याचा कानोसा घेत जागा बदलत राहायचं. नवखी मंडळी या दोहोंतून निवड करताना जंगल पाहतात, पक्षी किती आहेत ते पाहतात. त्याआधी आपली माणसं मोजावीत. बरोबर किती जण आहेत आणि त्यातला सगळ्यात चुळबुळ्या किती वेळ गप्प बसू शकतो, एवढ्यावर निम्मी निवड होऊन जाते.

पुढचं सगळं न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातल्या ‘ईस्टर्न’, म्हणजे पूर्वेकडच्या जातीच्या टर्कीला धरून आहे. वर ओक-बीचचं रान, खाली गवताची आणि मक्याची शेतं. न्यूयॉर्कात वसंतातला हंगाम 1 मे ते 31 मे. रोजची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी बारापर्यंत. शिकारीच्या परवान्याशिवाय टर्कीचा वेगळा परवाना लागतो. छातीवर दाढीसारखा केसाळ झुपका असलेलाच पक्षी मारता येतो, हंगामात दोन आणि दिवसाला एकच.

पक्ष्याचं नाक सोडा, डोळे पाहा

टर्कीला वासाचं फारसं नसतं. हरणासाठी वाऱ्याची दिशा सांभाळणाऱ्यांना ही चैन वाटेल. पण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, रंग ओळखणारे, आणि मान जराशी वळली की चारी दिशा नजरेत. तीस यार्डांवर तुम्ही नाक खाजवायला हात उचललात की एक कोरडा ‘पट्’, म्हणजे तिचा धोक्याचा इशारा, ऐकू येतो आणि सकाळ संपते.

लपणाचे पैसे मोजायचे ते याच चुकीसाठी. आत पाणी पिता येतं, पाय पसरता येतात, पोराच्या कानात कुजबुजता येतं. तिरकमठा ओढायची हालचाल तर उघड्यावर लपवणं फार अवघड, म्हणून धनुर्धाऱ्याने सरळ लपण घ्यावं. बारा-तेरा वर्षांचं मूल बरोबर असेल किंवा गुडघ्याची तक्रार असेल, तरी तेच.

लपण: काय बिघडतं

तिघांना पुरेल असं, साधारण सहा फूट चौरसाचं, दांड्या बाहेर ओढून उभं राहणारं लपण आठ-दहा किलो भरतं. त्यात तीन खुर्च्या, डिकॉय (टर्कीचा खोटा पुतळा) आणि बंदुका आल्या, म्हणजे गाडीपासून अर्ध्या मैलाच्या आतली जागा बघा. आदल्या दिवशी दुपारी उभं करून यावं. हरणाला नवं लपण आठवडाभर खुपतं, टर्कीला सहसा नाही. उघड्या शेतात रात्रीत उगवलेल्या डब्याशेजारून ती चरत जाते. तिला खुपतं ते फडफडणारं कापड. म्हणून चारी कोपऱ्यांना खुंट्या मारा आणि भिंतींच्या मधल्या दोऱ्यासुद्धा ताणून बांधा.

खिडक्या सगळ्या उघडायच्या नाहीत. मागची उघडी राहिली तर तिच्या उजेडात आतली डोकी छायाकृतीसारखी उठून दिसतात. समोरची एक, बाजूची अर्धी, बाकी बंद. आतून कापड काळं असतं, तेव्हा अंगातही काळा सदरा आणि काळे हातमोजे हवेत. पानापानांचा छाप तिथे उलट दिसतो.

हमखास घडणारी चूक बंदुकीच्या तोंडाशी होते. लाल ठिपक्याची दुर्बीण नळीच्या वर दोन इंच बसवलेली असते. दुर्बिणीतून पक्ष्याची मान स्वच्छ दिसते, पण नळी मात्र खिडकीच्या खालच्या काठाला, कापडाकडे रोखलेली. बार कापडातून जातो, पक्षी रानात जातो. नळीचं तोंड खिडकीच्या कडेबाहेर बोटभर असलंच पाहिजे. बसल्या बसल्या, रिकाम्या बंदुकीने, डावीकडून उजवीकडे हे एकदा तपासून घ्या. आत आवाज कोंडतो, म्हणून तिघांच्याही कानांत बोळे.

दुसरी अडचण अंतराची. टर्कीचा आवळ चोक (नळीचं तोंड अरुंद करणारा तुकडा) लावला की पंधरा यार्डांवर छऱ्यांचा झुबका मुठीपेक्षा थोडाच मोठा असतो, आणि टर्कीची मान एका जागी राहत नाही. जवळून बार चुकण्याचं कारण बहुतेकदा हेच. लपणासमोर डिकॉय वीस ते बावीस यार्डांवर ठेवा. कोवळ्या नराचा डिकॉय असेल तर त्याचं तोंड तुमच्याकडे हवं. मोठा नर त्याच्या समोर येऊन उभा राहायला बघतो आणि तुमच्याकडे पाठ करतो. पिसारा फुलला की डोळ्यांवर पडदा पडतो. बंदूक खांद्याला लावायची ती तेव्हा.

लपणात कान मात्र अधू होतात. नर कुठे ओरडला हे ऐकू येतं, पण टेकाडाच्या अलीकडे की पलीकडे, ते कळत नाही. आणि तो पलीकडेच राहिला तर तुम्ही बांधले गेलात. लपण आवरायला दहा मिनिटं लागतात आणि दांड्यांचा खडखडाट रानभर होतो.

बुंधा: दोघांचा खेळ

झाड खांद्यांपेक्षा रुंद आणि डोक्यापेक्षा उंच निवडा. मागून दुसरा शिकारी आला तर पाठ झाकलेली असते आणि पुढून तुमची बाह्याकृती मोडते. पायाखालची सुकी पानं बाजूला सारा, गुडघ्याच्या उंचीवरच्या काटक्या मोडून टाका. उजव्या हाताने बार काढणाऱ्याने डावा खांदा पक्ष्याच्या अपेक्षित वाटेकडे करून बसावं, डावा गुडघा उभा, त्यावर बंदूक. डावीकडे अंग जास्त फिरतं, उजवीकडे फारच थोडं. तोंडावर जाळी, हातात मोजे, खाली जाड गादी. गादीवर कंजुषी केलीत तर चाळीस मिनिटांनी चुळबुळ सुरू.

दोघे असताना या रीतीत जे जमतं ते लपणात जमत नाही. निसर्गाच्या नियमाने मादीने नराकडे जायचं असतं. म्हणून तुमची साद, म्हणजे मादीच्या आवाजाची नक्कल, ऐकून तो येतो, पण जिथून मादी दिसायला हवी त्या साठ-सत्तर यार्डांवर थबकतो, पिसारा फुलवतो आणि वाट बघतो. एकटा शिकारी इथेच अडकतो. दोघे असाल तर बार काढणारा पुढे आणि साद घालणारा तीस-पस्तीस यार्ड मागे बसावा. नर सादेच्या हिशोबाने थांबतो आणि ती जागा नेमकी पुढच्याच्या टप्प्यात येते. नर बाजूने वळसा घालू लागला तर मागच्याने विरुद्ध दिशेला पंधरा-वीस यार्ड सरकून साद घालायची, म्हणजे तो पुन्हा पुढच्याच्या समोर ओढला जातो.

याची किंमत म्हणजे शिस्त. अंधारात बसण्याआधी दोघांना एकमेकांची झाडं ठाऊक हवीत. पुढच्याने समोरच्या अर्ध्या वर्तुळातच बार काढायचा; पक्षी त्याच्या मागे, साथीदाराच्या बाजूला गेला की तो पक्षी त्याचा नाही, कितीही जवळ असो. तिसरा माणूस असेल तर त्याने वेगळं झाड धरू नये, बार काढणाऱ्याच्या उजव्या हाताला त्याच बुंध्याशी बसावं. चौघे असाल तर दोन जोड्या करा, मधे एक अख्खं टेकाड सोडा आणि नकाशावर ओलांडायची नाही अशी रेघ ठरवा.

साद कशाने घालायची

लपणात पेटी (झाकण घासून वाजवायची लाकडी डबी) किंवा पाटी (काडीने घासून वाजवायची चकती) बिनधास्त वापरा, हात कोणाला दिसत नाहीत. पेटीच्या झाकणाला तेल नसलेला खडू लागतो. लाकूड ओलं झालं की ती मुकी होते, म्हणून पावसात ती पिशवीत ठेवूनच वाजवतात. पाटी वाजवण्याआधी खरकागदाने खरखरीत करा आणि पृष्ठभागावर बोट लावू नका, तेवढ्या तेलकटपणाने काडी घसरते. बुंध्याशी बसणाऱ्याला शेवटच्या चाळीस यार्डांत दोन्ही हात बंदुकीवर हवेत, म्हणून तिथे तोंडात टाळूला लावून फुंकरीने वाजवायची पडदी. ती शिकायला काही आठवडे जातात आणि पहिले दोन दिवस उबळ येते. दोन पातींच्या पडदीपासून सुरुवात करा आणि गाडी चालवताना वाजवत जा. घरात वाजवाल तर घरचेच बाहेर काढतील.

साद थोडीच पुरे. पाच-सहा सुरांची एक माळ, मग शांतता. नराने दोनदा उत्तर दिलं आणि आवाज जवळ आला की गप्प बसा. नवख्यांच्या हातून पक्षी जातात ते कमी बोलावल्याने नव्हे, वाजवत राहिल्याने.

दोन्हीकडे सारखं

आदल्या संध्याकाळी रातथारा, म्हणजे टर्की रात्री बसते ते झाड, शोधून ठेवावा. सूर्यास्ताच्या सुमारास टेकाडावरून घुबडाची साद घातली की झाडावर चढलेला नर चिडून ओरडतो. पहाटे त्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांच्या आत घुसू नका. तांबडं फुटायच्या बरंच आधी, साडेचारच्या सुमारास, गाडी सोडलेली बरी.

बंदुकीची परीक्षा कागदावर घ्या. चाळीस यार्डांवर दहा इंचांच्या वर्तुळात शंभर छरे बसले तर तो चोक आणि ते काडतूस चाळीसपर्यंत चालेल. बसले नाहीत तर जिथे बसतात तेच तुमचं अंतर. टंगस्टनचे बारीक छरे शिशापेक्षा दीडपट जड, त्यामुळे 20 गेजची हलकी बंदूकही पुरते, पण एकेका काडतुसाची किंमत ऐकून घाम फुटतो. शिशाच्या 5 नंबरच्या छऱ्यांनी पुष्कळ पक्षी पडतात. उजाडल्यावर आपल्या जागेवरून चाळीस यार्डांवरचं एखादं झाड ठरवून ठेवा; उघड्या शेतात तर अंतर हटकून कमी वाटतं.

लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग अंगावर कुठेच नकोत, मोज्यांत आणि रुमालातसुद्धा. नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. चालताना नारिंगी टोपी घाला, डिकॉय आणि मारलेला पक्षी नारिंगी पिशवीत न्या. लपणाच्या मागच्या बाजूलाही नारिंगी पट्टा बांधा. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, साद तर मुळीच घालू नका. बसल्या जागेवरून मोठ्याने ओरडा. ऐकू आलेल्या नराच्या दिशेने लपत जायचं नाही. पेनसिल्व्हेनियात वसंतात साद घालूनच शिकार करता येते, मागावर जाणं बेकायदा आहे. त्यामागचं कारण साधं: ओरडणारा नर कधी कधी दुसऱ्या शिकाऱ्याच्या हातातली पेटी निघते.

गोचिडांचा त्रास जमिनीवर बसणाऱ्याला जास्त, आणि या भागात लाइमचा आजार त्यांच्यामार्फतच येतो. 0.5 टक्के परमेथ्रिन कपड्यांवर आणि गादीवर आदल्या दिवशी फवारून वाळवा, अंगावर नाही.

कागदपत्रं

भारतात 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच, त्यामुळे इथल्या बहुतेक मराठी माणसाचा बंदुकीशी पहिला संबंध अमेरिकेत येतो. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगता येत नाही. अपवादांत एक म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. तो खिशात येण्याआधी मित्राची बंदूक नुसती धरायलाही घेऊ नका. परवान्याआधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि मार्चपासून त्याच्या जागा भरू लागतात. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडथळा नाही, राज्याचे नियम मात्र वेगळे पाहावे लागतात.

मग घ्यायचं काय

तिघे आहात, दोघे नवखे, आणि शेतमालकाने कडेला बसायची परवानगी दिली आहे: लपण. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर अनुभवी माणसांनीही लपणच धरावं, कारण अशा दिवशी रानात ऐकू येईनासं होतं आणि टर्की उघड्या शेतात उतरते.

दोघे आहात, दोघांनाही तासभर दगड होऊन बसता येतं, जमीन सरकारी आणि डोंगराळ आहे: बुंधा. एवढं वजन चढावर नेण्यात अर्थ नाही, आणि सरकारी रानात चांगल्या जागी आधीच कोणाची गाडी उभी असली तर तुम्हाला हलता आलं पाहिजे.

दोन्ही जमवायचं असेल तर घड्याळ मधे घाला. साडेआठपर्यंत नर माद्यांच्या मागे असतो आणि तुमच्या सादेला भाव देत नाही. तोवर तिघांनी लपणात बसून शेत राखावं. नऊनंतर माद्या अंड्यांकडे सटकतात, नर एकटा पडतो आणि रानात शिरतो. तेव्हा दोघांनी नारिंगी टोप्या घालून ठरलेल्या बाजूने टेकाडावर जावं आणि दर दोनशे पावलांवर थांबून एकदा साद घालावी. तिसऱ्याने लपणातच राहावं, त्या बाजूची खिडकी बंद करून.

एक मात्र आधीच ठरवून घ्या: पक्षी कोसळल्यावर उठायचं कोणी. उठतो तो ज्याने बार काढला तो, बंदुकीचा खटका सुरक्षित करून. मानेवर पाय, पायाच्या नख्यांपासून हात लांब. बाकीचे जागेवरच बसतात, कारण पुष्कळदा मागे दुसरा नर उभा असतो आणि त्याने अजून काही पाहिलेलं नसतं.