एलईडीवाला मोठा पतंग : उडतो जबरदस्त, तरी दोन स्टार कापले

संक्रांतीच्या आधी ऑनलाइन मागवला. दोन मीटर रुंदीचा त्रिकोणी पतंग, फायबरच्या काड्या, छत्रीसारखं न फाटणारं कापड, 300 मीटर दोरा गुंडाळलेली प्लास्टिकची चक्री, कडेला लावायची एलईडीची पट्टी आणि वर फ्री म्हणून चार चंदेरी फुगे. पॅकिंग चांगलं होतं, काड्या जोडायला पाच मिनिटं लागली, माझ्या आठ वर्षांच्या पोरीने जोडला म्हटलं तरी चालेल.

आता मी मूळचा येवल्याचा, म्हणजे पतंगाच्या बाबतीत आमचं नाक जरा वरच असतं. आमच्याकडे लाकडी आसारी (म्हणजे दोऱ्याची चक्री), कागदी पतंग, भोगी-संक्रांत-कर असे तीन दिवस हलकडी या वाद्याच्या तालावर गच्च्या भरलेल्या, आणि काटला की सगळी गल्ली वकाट म्हणून ओरडते. असले नायलॉनचे तयार पतंग म्हणजे खेळणं असं मी समजायचो. तर तसं नाहीये. गावी नेऊन उडवला, कन्नी (पतंगाला दोरा जोडायची गाठ) बांधायची भानगड नाही, धावायला लागत नाही, नुसता हातातून सोडला की चढतो. गोते खात नाही, दहा मिनिटांत सगळा दोरा बाहेर. पतंग म्हणून पैकीच्या पैकी.

पण मी राहतो घाटकोपर पश्चिमेला, आणि तिथे हा एकदाही उडवलेला नाही. आमच्या डोक्यावरून विमानं मुंबईच्या मुख्य रनवेवर उतरतात, गर्दीच्या वेळी तासाला चाळीसच्या वर विमानांची ये-जा. विमान साधारण 3 अंशाच्या उताराने खाली येतं, म्हणजे रनवेच्या तोंडापासून दोन किलोमीटरवर ते जमिनीपासून जेमतेम 120 मीटरवर असतं. आता गच्चीचा हिशोब करा, सात मजली बिल्डिंग म्हणजे 20-22 मीटर, त्यावर दीडशे मीटर दोरा तिरका सोडला तरी पतंग आरामात विमानाच्या उंचीला जातो, आणि यांनी दिलाय 300 मीटर, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘आकाशाला भिडा’ लिहून.

कागदी पतंग इंजिनाने ओढून घेतला तर बांबूची कामटी आणि कागद, भुगा होऊन जाईल, अर्थात तोही नकोच. पण या पतंगाला फायबरच्या काड्या आहेत आणि दोरा इतका चिवट की मला हाताने तुटला नाही, कात्री आणावी लागली. तो हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेला तर काय होईल विचार करा, आणि जुहू विमानतळाची हेलिकॉप्टरं तर विमानांपेक्षाही खालून फिरतात. उतरणाऱ्या विमानाचा पायलट त्या वेळी ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो, नजर रनवेवर, पतंग दिसेपर्यंत मागे पडलेला असतो आणि दोरा तर दिसतच नाही. दिसलाच आणि त्याने विमान वर उचललं तर पुन्हा सगळा फेरा मारून यायचं, मागच्यांची रांग अजून लांब. कटलेला पतंग तर अजूनच वाईट, शंभर मीटर दोरा लोंबत वाऱ्यावर कुठेही जातो, मग तुम्ही म्हणाल मी तर दोन गल्ल्या सोडून उडवत होतो.

रात्री एलईडी लावून उडवायची आयडिया तर अजिबातच नको, उतरणाऱ्या माणसासमोर हवेत भलतेच दिवे कशाला नाचवायचे.

मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढतात, विमान उतरण्याच्या मार्गात पतंग, फुगे, उंच जाणारे फटाके, लेझर, सगळं बंद. आणि गंमत म्हणजे आपल्या 1934 च्या विमान कायद्यात (2025 पासून त्याच्या जागी नवा कायदा आलाय) ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येतच पतंग आणि फुगे धरले होते, म्हणजे त्या कायद्याच्या हिशोबाने आमच्या येवल्यात संक्रांतीला घरटी दोन-तीन विमानं. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय 60 मीटरच्या वर पतंग नेता येत नाही आणि विमानतळाभोवतीच्या हवाई हद्दीत तर 30 च. या बॉक्सवर मात्र ‘तीन वर्षांखालील मुलांना देऊ नये’ एवढंच. विक्रेत्याला ॲपवर विचारलं की विमानतळाजवळ उडवू नये असं का नाही लिहिलं, तर उत्तर आलं, ‘सर प्रॉडक्ट सर्व ठिकाणी वापरू शकता’. म्हणून एक स्टार कापला.

फ्री फुग्यांचं सांगायचं राहिलं. चंदेरी प्लास्टिकचे आहेत, हेलियम भरून सुटले की साध्या रबरी फुग्यासारखे लगेच फुटत नाहीत, लांब जातात, आणि विजेच्या तारांना लागले तर शॉर्टसर्किट होतं कारण वरचा थर धातूचा. पोरीच्या वाढदिवसाला मी तोंडानेच फुगवले आणि भिंतीला चिकटवले, छान दिसले.

दुसरा स्टार चक्रीसाठी. मधला दांडा गावच्या दुसऱ्याच दिवशी तडकला, बदलून मागितली तर फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, तीन आठवडे झाले. शेवटी काकांची जुनी आसारी घेतली आणि दोरा तिच्यावर गुंडाळला.