ट्रॅक डेसाठी आधी काय घ्यावं: कॅमेरा की डेटा लॉगर?

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर नेऊन चालवण्याचा दिवस. माझं मत आधीच सांगतो. तुमचे लॅप टाइम अजून फेरीगणिक तीन-चार सेकंदांनी वर-खाली होत असतील, तर कॅमेरा घ्या. ते एका सेकंदाच्या आत आले असतील आणि तिथेच अडकले असतील, तर लॉगर, म्हणजे जीपीएसवरून गाडीचा वेग आणि जागा नोंदवणारं उपकरण.

सुरुवातीच्या चुका डोळ्यांना दिसणाऱ्या असतात. गाडी एपेक्सपासून (वळणाच्या आतल्या कडेच्या बिंदूपासून) दोन मीटर लांबून जाते, वळणातून बाहेर पडताना ट्रॅकची अर्धी रुंदी वापरलीच जात नाही, स्टिअरिंगवर हात सतत चाळवाचाळव करतात. व्हिडिओत हे लगेच कळतं आणि प्रशिक्षकालाही दाखवता येतं. फक्त कॅमेरा पुढच्या काचेवर लावू नका. दोन सीटच्या मधे, थोडा मागे लावा, म्हणजे हात, गिअर आणि समोरचा ट्रॅक एकत्र दिसतात.

वेगाच्या बाबतीत मात्र व्हिडिओवर विसंबू नका. एका वळणावर मी खूप उशिरा ब्रेक दाबायचो आणि व्हिडिओत तीच लॅप सगळ्यात जोरदार वाटायची. लॉगरचा वेगाचा आलेख पाहिला तेव्हा कळलं, की ब्रेकिंगमध्ये थोडा वेळ वाचत होता, पण वळणातला किमान वेग ताशी 5 किमीने पडत होता आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) उशिरा उघडत होता. पुढे लांब सरळ पट्टा. तिथे हा तोटा शेवटपर्यंत वाढतच जायचा. नुसता व्हिडिओ बघून मला हे कधीच कळलं नसतं.

लॉगर दोन लॅप अंतरानुसार एकमेकांवर ठेवतो आणि वेळेतला फरक रेषेने दाखवतो. रेष जिथे चढते तिथे वेळ जातो. वेगाच्या आलेखात सरळ पट्ट्याच्या शेवटचा माथाही बघा: टोकदार असेल तर पाय थ्रॉटलवरून थेट ब्रेकवर गेला, गोलसर असेल तर मधे गाडी नुसतीच घरंगळत होती. नव्या चालकांचा बराच वेळ इथेच जातो, आणि तो परत मिळवायला जास्तीचं धाडसही लागत नाही.

फोनच्या जीपीएसवर भागेल का? ताशी 180 किमी म्हणजे सेकंदाला 50 मीटर. फोन साधारण सेकंदाला एकदाच नोंद घेतो, म्हणजे ब्रेकिंगची अख्खी सुरुवात दोन नोंदींच्या मधे हरवते. 10 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी घेणाऱ्या रिसीव्हरवर हे अंतर 5 मीटर होतं, 25 हर्ट्झवर 2 मीटर. म्हणून रेसक्रोनोसारखं लॅप नोंदवणारं अॅप वापरणार असाल तर ब्लूटूथने जोडायचा बाहेरचा रिसीव्हर घ्याच. असा एक रिसीव्हर, रेसबॉक्स मिनी, 25 हर्ट्झचा आहे. ओबीडीतून (गाडीच्या तपासणीच्या पोर्टमधून) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, आणि थ्रॉटल मिळतात, पण बऱ्याच गाड्यांत ते संथ गतीने येतात आणि ब्रेकचा दाब सहसा मिळतच नाही.

लॉगरचीही एक मर्यादा आहे. साध्या जीपीएसची जागा दोन-तीन मीटरने चुकू शकते, त्यामुळे नकाशावरच्या रेषेवरून लाइन (वळणातून गाडीने घेतलेला मार्ग) बरोबर की चूक हे ठरवू नका. त्यासाठी व्हिडिओच लागतो.

दोन्ही एकत्र देणारी उपकरणंही आहेत. गार्मिन कॅटलिस्ट तर तुम्ही प्रत्यक्ष चालवलेल्या तुकड्यांतून सर्वोत्तम लॅप जोडून दाखवतं. सोय मोठी आहे, पण आलेख स्वतः वाचायला शिका, हा माझा आग्रह राहील. दोन सत्रांच्या मधे वेळ थोडा असतो. वीस मिनिटांचा व्हिडिओ बघायला वीस मिनिटं लागतात. आलेखावरून वेळ जिथे हरवला ते वळण दोन मिनिटांत सापडतं आणि मग व्हिडिओतले तेवढेच आठ सेकंद बघायचे. वेळ कुठे गेला ते आलेख सांगतो, का गेला ते व्हिडिओ.

खरेदीआधी आयोजकांचे नियम विचारून घ्या. काही ठिकाणी विम्याच्या अटींमुळे लॅप टाइमिंगला मनाई असते, आणि कॅमेरा कसा बसवलाय हेही तपासलं जातं. माउंट घट्ट असला तरी कॅमेऱ्याला आधाराची एक दोरी बांधाच. आणि उपकरणाचा स्क्रीन गाडी चालवताना बघायचा नाही, पिटमध्ये आल्यावरच.